विहिरीचं तोंड

मला विहीर काढता येत नव्हती. बैल येत होते, माणसं येत होती, सायबाचा तंबू तर दोरखुंट्यांसकट यायचा. पण विहीर येत नव्हती. आणि विहीर तरी कुठली, तर जिच्या काठावर मी चालायला शिकलो, ती आमचीच. आज सांगताना हसू येतं. तेव्हा त्या विहिरीपायी मी आईवर ओरडलो, बायकोशी आठवडाभर धड बोललो नाही आणि आपले डोळे जाग्यावर आहेत की नाहीत, असा संशय मला स्वतःचाच येऊ लागला होता.

आम्ही जातीचे माळी. अकोल्याहून बाळापूरकडे जाणाऱ्या गाडवाटेला लागून आमचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, बांधाला झेंडू. वरच्या अंगाला विहीर, खालच्या अंगाला वाफे. जमिनीचा उतार एवढा थोडा, की तो माणसाच्या पायाला कळत नसे. पाण्याला तेवढा कळे. बाप होता तेव्हा मोट तो हाकायचा आणि आई खाली वाफ्यांत पाणी धरायची. म्हणजे मोटेचं पाणी पाटानं खाली आलं, की वाफ्याच्या तोंडाची माती हातानं काढून ते आत सोडायचं, वाफा भरला की चिखलानं तोंड बंद करायचं आणि पुढच्या वाफ्याचं उघडायचं. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे काम केलं. बाप गेल्यावर मोट मी हाकू लागलो, आणि मला दुसरं काम मिळाल्यावर आम्ही एक गडी ठेवला. पाणी मात्र तिनं कुणाला धरू दिलं नाही.

ते कापसाचे दिवस होते. कुठेतरी समुद्रापार गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता. ती लढाई आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती, पण तिच्यामुळं वऱ्हाडात जो तो पऱ्हाटी लावत सुटला. लोकांनी मिरचीचे मळे मोडून कापूस पेरला. आमच्या शेजाऱ्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आणि ते बैल घेऊन तो विनाकारण आमच्या बांधावरून ये-जा करू लागला. आम्हाला तो 'वांगेवाले' म्हणायचा. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सारेच कापूस पेरून राहिले. मंग जेवाच्या टायमाले काय सरकी खातीन का?"

त्या कापसासाठीच आगगाडीचा लोखंडी रस्ता येणार होता. मोजणीचा तळ अकोल्याजवळ पडला, तेव्हा साखळी धरायला माणसं हवी होती. मी पंचविशीचा, बायकोपोराचा धनी, मोटेच्या मागं चालून कंटाळलेला; लागलो कामाला. तळावर नकाशे काढणारे एक कारकून होते, पुण्याकडचे. सगळे त्यांना पंत म्हणत. पहिल्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं, "पंत, तुमी हे रेघा कायले मारून राहिले?" तर ते दचकून मागं सरले. त्यांना वाटलं मी भांडायला आलोय. आमची बोलीच तशी. पुढं त्यांना सवय झाली.

एकदा वाया गेलेल्या कागदाच्या मागे मी सायबाचा घोडा काढला. तो पंतांनी पाहिला आणि मला साखळीवरून उचलून आपल्याजवळ बसवलं. नकाशाशिवाय सायबाला जागेची चित्रंही लागत. कुठे नाला आहे, कुठे झाडं आहेत, उभं राहिल्यावर जागा दिसते कशी, ते कागदावर उतरवायचं. पंतांनी मला पेन्सिल दिली. ती मी पहिल्या दिवशी कानाला लावून घरी आलो, तर बायको हसून लोटपोट झाली.

मग माघात एका सकाळी साखळीला माणूस कमी पडला, म्हणून पुन्हा तिचं टोक धरून मी चालत होतो आणि चालता चालता स्वतःच्याच मळ्यात शिरलो. मला आधी कळलंच नाही. समोर ओळखीचा झेंडू दिसला, तेव्हा पाय थांबले. खुंटी विहिरीच्या काठापासून चार पावलांवर ठोकायची होती. ठोकणाऱ्यानं हातोडा उचलला आणि खुंटी धरून ठेवली ती मीच. आई वाफ्यात बसली होती. तिनं वर पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा पाण्याकडे वळली.

रस्त्याचा भराव मळ्यावरून जाणार होता आणि विहीर बुजवायची होती. सरकारनं जे द्यायचं ते रीतसर दिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. होळीनंतर माती पडणार असं ठरलं. आमचा तळ पुढं अमरावतीकडे सरकणार होता, तेव्हा घरही तिकडेच हलवायचं होतं. आई रडली नाही, भांडली नाही. तिनं एकच गोष्ट मागितली.

"तू साऱ्या दुनियेच्या जागा कागदावर काढतो. आपला मळा बी काढ. तठी गेल्यावर पाहीन."

मला वाटलं, ही मोठी सोपी गोष्ट आहे.

रविवारी तळाला सुट्टी असे. मळ्याच्या खालच्या टोकाला फळी घेऊन उभा राहिलो आणि दुपारपर्यंत चित्र पुरं केलं. सोळा वाफे, सोळाही सारख्या मापाचे. मीच ते आखले होते. हातानं मोजून, दोरी लावून. त्यांच्या मधून जाणारा पाट, वर विहीर, मोटेचं चाक, बैल आणि त्यांच्यामागं गडी. विहिरीत निळीनं पाणी भरलं. आमच्यात लग्नाला भिंतीवर विहीर काढतात, तेव्हा आधी गोल काढायचा आणि लगेच आत निळीनं पाणी भरायचं, अशी रीत आहे. गोल नुसता ठेवला तर घरातली जुनी बाई ओरडते, "कोरडी ठेवली का रे?" कोरडी विहीर काढणं आम्हाला अशुभ. त्यामुळं विहीर म्हटली की माझा हात आपोआप गोल फिरे आणि निळीकडे जाई.

आईनं कागद हातात घेतला, आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला.

"हे काय, गोधडी वाळू घातली का कोनं?"

मी कागद हिसकावून घेतला. पंतांकडे नेला. त्यांनीही पाहिलं आणि हनुवटी खाजवली.

"तुझे वाफे आकाशात चढलेत रे."

"सोळाही सारखे हायेत, पंत. मी सोता मोजले."

"तेच तर झालंय. मोजलेस म्हणून दिसेनासे झाले. चूक मी दाखवणार नाही. मी दाखवली तर उद्या पुन्हा करशील. एक काडी घे, हात ताठ कर, एक डोळा मिट आणि लांबचा वाफा काडीवर मोज. मग जवळचा मोज. आणि चित्र उलटं धरून बघत जा. उलटं धरलं की आपलं चित्र परक्याचं वाटतं, आणि परक्याच्या चुका माणसाला बरोब्बर दिसतात."

पुढच्या रविवारी मी पऱ्हाटीची सरळ काडी घेऊन उभा राहिलो. लांबचा वाफा काडीवर नखाएवढा आला आणि जवळचा वीतभर. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. माझा विश्वास बसेना. मी चालत जाऊन लांबचा वाफा हातानं मोजला. तो जवळच्या एवढाच भरला. परत येऊन काडी धरली, तर पुन्हा नखाएवढा. मी तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. गडी मोट थांबवून माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटलं असेल, मालकाच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसंच वाटत होतं. डोळा खरा की हात खरा, हे कोणाला विचारावं कळेना.

शेवटी काडीचं ऐकलं. वाफे लांब जाता जाता लहान केले. पाटाच्या दोन्ही कडा मी आधी समांतर काढल्या होत्या, कारण पाट इथून तिथून सारखाच रुंद, मीच खणलेला. त्या कडा आता वर जाताना जवळ आणल्या. कागद उलटा धरला, तेव्हा डावीकडचा बांध वाकडा दिसला, तोही सरळ केला. विहीर मात्र तशीच ठेवली. गोल, पाण्यानं भरलेली. तिच्यात चूक शोधायचं माझ्या मनातही आलं नाही. तिथंच तर मी जन्म काढला होता.

या खेपेला आईनं बराच वेळ पाहिलं.

"वाफे वळखले," ती म्हणाली. "पन हे हीर आपली नाई."

"काहून नाई?"

"मले काय मालूम काहून. नाई म्हंजे नाई."

मी आणखी दोन चित्रं काढली. विहीर डावीकडे सरकवली, मोठी केली, लहान केली, चाकाचे दांडे मोजून घातले, काठाचे चिरे एकेक मोजून काढले. प्रत्येक वेळी तेच. आपली नाई. विहीर कागदावर उभी केलेल्या थाळीसारखी दिसते, आतलं पाणी आता सांडेल असं वाटतं, हे मलाही कुठंतरी टोचत होतं. पण का, ते कळत नव्हतं. चिरे बरोबर, चाक बरोबर, पाणी बरोबर, आणि सगळं मिळून चूक. एका संध्याकाळी माझा तोल सुटला. मी म्हणालो, "तुले सायबी चित्र समजत नाई, माय. जलमभर चिखलात हात घातले, तुले कागद काय समजनार?"

तिनं हात पाहिले, पदराला पुसले आणि चुलीकडे गेली. हे वाक्य आजही आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

होळी झाली. माती पडायच्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेलो, तर मोट चालू होती आणि आई मेथीला पाणी देत होती. उद्या या मेथीवर माणसाएवढी माती पडणार होती. मी म्हणालो, "माय, आता कायले?" ती म्हणाली, "तिले काय मालूम उद्याचं? तिले आज तहान लागली." मग वाफ्याचं तोंड बंद करून ती उठली, आणि त्यानंतर तिनं त्या मातीत हात घातला नाही. दुसऱ्या दिवशी विहीर बुजायला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ लागला. मी तिथं होतो. काम होतं माझं.

अमरावतीला कापसाच्या बाजारामागे एका गल्लीत खोली मिळाली. समोर ओटा, ओट्यापुढं रस्ता आणि रस्त्यानं दिवसभर कापसाच्या गाड्या. हवेत कापसाचे तंतू उडत, ते भाकरीवर बसत, पोराच्या नाकात जात. पंत दोन गल्ल्या सोडून राहत. बायकोनं माझं शेवटचं चित्र खळीनं भिंतीला चिकटवलं. आई सकाळी उठली की आधी त्याच्याकडे पाही, मग ओट्यावर जाऊन बसे. मला वाटलं, बरं झालं. चुकलेलं का असेना, काहीतरी आहे तिच्याजवळ.

पावसाळा सरत आला तेव्हा एक दिवस तिनं मला विचारलं, "आपली हीर बांधाच्या कोन्या अंगाले होती रे?"

मी हसलो. चाळीस वर्षं त्या विहिरीच्या पाण्यावर जगलेली बाई. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू विरलं.

"आंधी डोळे मिटले की मळा दिसे," ती म्हणाली. "आता डोळे मिटले की तुहा कागद दिसते. तेच गोल हीर. खरी कशी होती, ते आठवाले गेलं की हे मधात येते. मले आता आपला मळा दिसत नाई, बापू."

विहीर सरकारनं बुजवली होती, ती एकदा. मी मात्र माझ्या चुकीच्या चित्रानं ती रोज सकाळी बुजवत होतो, आणि तीही तिच्या डोळ्यांतली. मी तडक उठलो आणि चित्र भिंतीवरून उपटलं. एक कोपरा फाटून भिंतीलाच राहिला. बायको म्हणाली, "आवं, काहून फाडून राहिले?"

आता पंचाईत अशी, की ताळा पाहायला समोर मळा नव्हता. काडी धरून मोजायची कशावर? जे काय शोधायचं ते कागदातच. मी चित्र उलटं धरलं. बायकोचा आरसा घेतला आणि चित्र आरशात पाहिलं. आरशात विहीर जास्तच कलंडलेली दिसली, जणू उजवीकडचं सगळं एकाचं आणि विहीर दुसऱ्याच कुणाची. रोज कामावरून आलो की मी आरसा घेऊन बसायचो. शेजाऱ्यांना वाटू लागलं, हा माणूस रूप न्याहाळतो. आठवडा गेला. आरसा सांगत होता की चूक आहे, पण कुठली, ते सांगत नव्हता.

मग दोरा घेतला. वाफ्यांच्या कडांवर दोरा ताणून त्या पुढं वाढवत नेल्या. सगळ्या कडा एका ठिकाणी येऊन मिळाल्या. पाटाच्या कडाही तिथंच. ती जागा मोटेमागं उभ्या असलेल्या गड्याच्या डोक्याच्या पातळीला होती. म्हणजे काढणाऱ्याचा डोळा तेवढ्या उंचीवर. मी उभा होतो ना, बरोबर आहे. आता विहीर. मी घरातली घागर ओट्याच्या त्या टोकाला ठेवली आणि उभा राहून पाहिलं. तिचं तोंड गोल दिसत नव्हतं. नुसती चपटी फट दिसत होती, आणि आतलं पाणी दिसायचं तर नावच नको. तोंड गोल दिसायला मला घागरीवर ओणवं व्हावं लागलं.

मी तिथंच खाली बसलो. चित्रातली विहीर जशी होती, तशी ती फक्त एकाच जागेवरून दिसे: काठावरून, आत वाकून. तिथं मी लहानपणी बापाच्या धोतराला धरून उभा राहायचो आणि तो म्हणायचा, "पाह्य, किती पानी हाये." म्हणजे एकाच कागदात दोन डोळे होते. एक खालच्या टोकाला उभ्या असलेल्या मोजणीवाल्याचा आणि एक काठावरून वाकणाऱ्या पोराचा. पाणी दिसलं नाही तर विहीर कोरडी, या भीतीनं मी तिचं तोंड आमच्याकडे वळवून धरलं होतं. इतके महिने जी एक गोष्ट तपासली नाही, तिथंच चूक होती.

रविवारी नवं चित्र काढलं. सगळं उभ्या माणसाच्या डोळ्यानं. विहिरीचं तोंड चपट्या फटीएवढं. निळीचा डबा उघडला, आणि पुन्हा बंद केला. आधी पंतांना दाखवलं. ते म्हणाले, "आता एकाही रेषेत चूक नाही." मी उड्या मारत घरी आलो.

आईनं पाहिलं. "हीर आता आपली वाटते," ती म्हणाली.

मी वाट पाहत राहिलो.

"पन मळा अजून दुसऱ्याचाच हाये."

मी हात टेकले. पंत म्हणतात एकही चूक नाही. ही म्हणते दुसऱ्याचा. या खेपेला मात्र मी ओरडलो नाही. ओरडायला तोंडच नव्हतं. पण डोक्याचा पार भुगा झाला. दोरा लावला, आरसा लावला, चित्र उलटं केलं, उजेडाला धरून मागून पाहिलं. चूक सापडेना. बरोबर चित्रात चूक कशी शोधायची, हे पंतांनी मला शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी कामावरून येत होतो. आई ओट्याखाली, रस्त्याच्या कडेला बसली होती. बाजारातून विकत आणलेली मेथी तिच्यासमोर होती. माळणीला विकतची मेथी निवडताना पाहणं मला कधीच सोसलं नाही. ती खाटेवर किंवा पाटावर बसत नसे. जमिनीवर उकिडवी, गुडघे छातीशी, एक हात भाजीत आणि दुसरा हात मोकळा, जमिनीला टेकलेला. मळ्यात ती अशीच बसायची. वाफ्याच्या तोंडाशी, पाणी यायची वाट पाहत.

मी थांबलो. मग तिच्याशेजारी जाऊन तसाच उकिडवा बसलो.

"काय रे, पाय दुखून राहिले का?"

"नाई. पाहून राहिलो."

समोरून कापसाची गाडी गेली. उभ्यानं मला रोज गाडीवरचा कापूस दिसायचा. इथून फक्त चाक दिसलं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, आणि त्याच्या आऱ्यांमधून पलीकडचा रस्ता. समोरच्या घराचा ओटा, जो मला कमरेएवढा वाटे, तो डोळ्याला लागला, आणि त्यावर काय ठेवलंय ते काही दिसेना. मेथीची एक काडी जमिनीवर पडली होती. तिची पानं दूरच्या माणसाएवढी उंच होती. मी उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. आई म्हणाली, "याले भूत लागलं का?" पण आता मला कळलं होतं. चित्रात चूक नव्हती. चित्र दुसऱ्याच्या डोळ्याचं होतं. मोजणीवाल्याच्या. ती त्या मळ्यात चाळीस वर्षं होती आणि तिनं तो उभ्यानं कधी पाहिलाच नव्हता.

रविवारपर्यंत मला धीर धरवेना, म्हणून उजेड होता तोवरच, तिथंच ओट्याखाली बसून मी काढायला घेतलं. डोळा जमिनीपासून दोन हातांवर. वाफे आता पसरलेले नव्हते. त्यांचे बांध एकामागं एक उभे राहिले. वांग्याची झाडं झाडांसारखी मोठी झाली. झेंडूनं अर्धं आभाळ अडवलं. आणि वर, उतारावर, विहीर: नुसता चिऱ्यांचा काठ, मोटेचं चाक, बैलांच्या पाठी. तोंडाची फटही नाही. पाण्याचा थेंब नाही. कागदाच्या खालच्या कडेला, अगदी जवळ, पाट आणि वाफ्याचं उघडं तोंड मात्र मोठं आलं. दोन संध्याकाळी मी त्याच्यावर शाई फिरवत होतो.

पुरं झालं आणि मी घाबरलो. दोरा लावून झाला होता, आरसा पाहून झाला होता, चूक नव्हती. पण जिची विहीर बुजवली, त्या माळणीपुढं मी कोरडी विहीर ठेवणार होतो. वाटलं, थोडीशी नीळ लावावी. कुठंतरी. डबा हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मग तो बायकोकडे दिला आणि म्हणालो, "हा लपवून ठेव." आणि आईसमोर जमिनीवर चित्र ठेवलं.

ती उकिडवी बसली आणि वाकली. मला राहवेना. मी म्हणालो, "माय, पानी दिसत नाई त्याच्यात. अठून दिसतच नाई. मी काय करू?"

"हिरीतलं पानी?" ती वर न पाहताच म्हणाली. "ते मी कधी पायलं? ते तुह्या बापानं पायलं आन् तू पायलं. मले तं पानी आलं का नाई ते पाटातच समजे."

मग तिनं डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं जमिनीवरचा मोकळा हात उचलला, कागदाच्या खालच्या कडेवर आणला आणि वाफ्याच्या उघड्या तोंडावर अंगठा दाबून धरला.

"वांग्याले झालं," ती म्हणाली. "आता मेथीकडे येऊ दे."

शाई पुरती वाळली नव्हती. तिथं अंगठ्याचा ठसा उमटला, वाफ्याचं तोंड बुजलं. पुढं पंतांनी ते चित्र पाहिलं तेव्हा त्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "एवढं नेमकं काढलंस, आणि इथं चूक राहू दिलीस?" मी म्हणालो, "ते चूक नाई, पंत. तो वाफा भरला."